विंगर आणि स्ट्रायकर: जमलेल्या जोड्यांचा धागा

डावखुरा:

फुटबॉलमध्ये जोडी म्हटलं की लोक लगेच गोल आणि असिस्टचे (गोल करून देणाऱ्या पासचे) आकडे काढतात. काढू देत. पण विंगर (बाजूच्या रेषेकडून खेळणारा) आणि स्ट्रायकर (मधे, सगळ्यात पुढे खेळणारा) यांचं खरंच जमलंय की नाही हे मला आकड्यांवरून कधी नीट कळत नाही. ते कळतं चेंडू अजून आपल्याच अर्ध्या मैदानात असताना. स्ट्रायकर चार पावलं मागे येतो, त्याच्यामागे सेंटर बॅक (मधला बचावपटू) ओढला जातो, आणि तोवर विंगर त्या रिकाम्या जागेकडे सुटलेलाही असतो. पास निघायचाच असतो अजून. माझं म्हणणं एवढंच: जिथे दोघांपैकी एक जण आपली जागा दुसऱ्यासाठी सोडायला तयार असतो, ती जोडी. बाकीचे नुसते एकाच संघात खेळणारे दोन चांगले खेळाडू.

अलीकडचं ठळक उदाहरण टॉटनहॅमच्या केन आणि सॉनचं. २० सप्टेंबर २०२०, साऊदम्प्टन विरुद्ध टॉटनहॅम. साऊदम्प्टनची बचावफळी बरीच वर चढून खेळत होती. केन नावाला सेंटर फॉरवर्ड, म्हणजे स्ट्रायकर, प्रत्यक्षात मिडफिल्डमध्ये येऊन गोलकडे पाठ करून उभा. त्याच्या अंगावर जावं तर मागचं मैदान मोकळं. न जावं तर तो सावकाश वळून हवा तिथे चेंडू टाकणार. सॉनने चार गोल मारले, चारही पास केनचे. मग पाचवा केनने स्वतः मारला. ५-२. चौथ्या गोलपर्यंत साऊदम्प्टनला उपाय सापडला नाही, कारण दोघांपैकी नेमकं कोणाला धरायचं हेच ठरत नव्हतं.

त्या मोसमात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गोलमध्ये पहिला केन (२३) आणि असिस्टमध्येही पहिला केनच (१४). दोघांनी मिळून त्या एका मोसमात १४ गोल एकमेकांना करून दिले आणि शिअरर-सटनचा १९९४-९५ चा १३ चा विक्रम मोडला. लीगमध्ये सगळ्या मोसमांचे मिळून ४७. चेल्सीचे ड्रोग्बा-लॅम्पार्ड ३६ वर थांबले होते. मला त्या ४७ मधली वाटणी जास्त आवडते: जवळपास निम्मे याचे, निम्मे त्याचे. म्हणजे एक कायम देणारा आणि एक कायम घेणारा, असा मामला नव्हताच.

दुसरा प्रकार बायर्न म्युनिकच्या रॉबेनचा. उजव्या बाजूला डाव्या पायाचा विंगर. तो आत वळणार हे डिफेंडरला माहीत, स्टेडियमला माहीत, टीव्हीवर बघणाऱ्यालाही माहीत. तरी गोल व्हायचा. पायाचं कौतुक झालंच पाहिजे, पण दुसऱ्या खांबाकडे उभ्या स्ट्रायकरकडेही बघा. गोमेझ असो, मांझुकिच असो, पुढे लेवांडोव्स्की असो, त्याला मोकळं सोडून सेंटर बॅक रॉबेनला अडवायला बाहेर येऊ शकत नाही. ती एका सेकंदाची चलबिचल रॉबेनला पुरायची. यात स्ट्रायकरच्या नावावर काहीच लागत नाही, असिस्टसुद्धा नाही.

धाग्याचा नियम: दोघांपैकी एक जण बाजूच्या रेषेकडून खेळ सुरू करणारा हवा. कोल-यॉर्क नकोत, ते दोघेही स्ट्रायकर. डी ब्रुइनेही नको, तो मिडफिल्डर. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

—

निवांत:

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

—

जुना_प्रेक्षक:

धागा आवडला. पण सुरुवात २०२० पासून कशी करता? विंगर स्टॅनली मॅथ्यूज आणि स्ट्रायकर स्टॅन मॉर्टेन्सन यांना वगळून विंगर-स्ट्रायकर हा विषय बोलताच येणार नाही.

२ मे १९५३, इंग्लंडमधल्या एफए कपचा अंतिम सामना, ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन. ब्लॅकपूल १-३ ने मागे. मॅथ्यूज तेव्हा ३८ वर्षांचे. बोल्टनची डावी बाजू दुखापतींनी आणि पायात आलेल्या पेटक्यांनी खिळखिळी झाली होती, आणि मॅथ्यूज त्याच बाजूने पुन्हा पुन्हा शिरत राहिले. त्यांच्या क्रॉसवर गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि मॉर्टेन्सनने तो आत ढकलला, २-३. मग शेवटच्या मिनिटांत मॉर्टेन्सनची फ्री किक, ३-३. आणि भरपाई वेळेत मॅथ्यूज गोलरेषेपर्यंत गेले, चेंडू मागे ओढून दिला, ब्लॅकपूलच्याच पेरीने गोल केला. ४-३.

गंमत पुढे आहे. मॉर्टेन्सनने हॅटट्रिक केली. जुन्या वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात झालेली ती एकमेव हॅटट्रिक. आणि सामना आजतागायत ओळखला जातो तो 'मॅथ्यूज फायनल' म्हणून! हॅटट्रिक करूनही सामना दुसऱ्याच्या नावावर चढला, असा दुसरा स्ट्रायकर मला तरी ठाऊक नाही.

—

शिट्टी:

काका, मॉर्टेन्सनवर घोर अन्याय आहे हा. तीन गोल करायचे आणि नाव विंगरचं.

पण मुद्दा लक्षात घ्या, धागाकर्ते म्हणतात त्याच्या हे बरोबर उलट झालं. इथे आकडे स्ट्रायकरच्या बाजूने होते आणि लोकांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

—

ऑफसाइडवाली:

रॉबेनचा परिच्छेद वाचून ब्राझीलचा विंगर गारिंचा आठवला. तो आत नाही, बाहेर जायचा, पण तेही तितकंच सगळ्यांना ठाऊक. १९५८ चा विश्वचषक अंतिम सामना, यजमान स्वीडन चौथ्याच मिनिटाला पुढे. नवव्या मिनिटाला गारिंचा उजवीकडून डिफेंडरच्या बाहेरून गेला, गोलसमोर चेंडू घातला, स्ट्रायकर वावाने आत ढकलला. ३२ व्या मिनिटाला परत तेच. एकावर एक ठेवली तर जुळतील इतकी सारखी चित्रं. ५-२ म्हटलं की सगळ्यांना १७ वर्षांचा पेले आठवतो, आणि आठवावाच, पण मागे पडलेला सामना फिरवला तो या दोन गोलांनी.

वावाकडे मुद्दाम बघा. तो गारिंचाच्या मदतीला उजवीकडे जात नाही. चेंडू मागायला हात वर करत नाही. गारिंचा डिफेंडरसमोर थांबून अंग हलवत असतो तेव्हा वावाही थांबलेला असतो, आणि तो सुटला की हाही सुटतो. लवकर पोचलेला स्ट्रायकर डिफेंडरच्या ताब्यात जातो. वावा उशिरा पोचायचा. क्रॉसवर गोल करायचं निम्मं कसब न पळण्यात आहे, हे माझं ठाम मत.

—

आकडेमोड:

सगळं छान, पण आकड्यांना इतकं हिणवायचं कारण समजलं नाही. बार्सिलोनाचे मेसी-सुआरेझ-नेमार. २०१४-१५ मध्ये तिघांचे मिळून १२२ गोल, २०१५-१६ मध्ये १३१. दुसऱ्या मोसमात एकट्या सुआरेझचे ५९, त्यातले ४० लीगमध्ये. कोणी जागा सोडली आणि कोणी उशिरा पोचलं हे प्रत्येक जण आपल्या सोयीने बघतो. १३१ मात्र १३१ च राहतात.

—

डावखुरा:

@आकडेमोड, या उदाहरणाबद्दल आभार, कारण ते माझ्याच पारड्यात पडतंय. सुआरेझ यायच्या आधी मेसी कुठे खेळत होता? मधे. फॉल्स नाईन (मिडफिल्डमध्ये मागे येणारा सेंटर फॉरवर्ड) म्हणून त्याने गोलांचे डोंगर रचले होते. त्या जागेवर जगात त्याच्यापेक्षा चांगला कोणी नव्हता. आणि सुआरेझ आल्यावर काही महिन्यांतच तो उजव्या बाजूला गेला, मधली जागा नव्या माणसाला दिली. तुमचे १३१ गोल त्या सरकण्यातून आले. तुमचा आकडा खराच आहे हो, पण तो निकाल सांगतो, कारण सांगत नाही.

सुआरेझचंही तसंच. दोन्ही सेंटर बॅकना तो इतका छळायचा की मेसी आत वळला तरी त्याच्यावर धावून जायला कोणी मोकळं नसायचं.

—

शिट्टी:

अवांतर: याच जोडीची ती पेनल्टी. १४ फेब्रुवारी २०१६, सेल्टा विगोविरुद्ध. मेसीने पेनल्टीवर गोलकडे न मारता चेंडू हळूच बाजूला सारला, सुआरेझ मागून धावत आला आणि गोल. सामना ६-१.

नियमात हे बसतं. चेंडू पुढे जायला हवा, बाकीच्यांनी तो मारला जाईपर्यंत पेनल्टी क्षेत्राबाहेर राहायला हवं, आणि मारणाऱ्याने दुसऱ्याचा स्पर्श होण्याआधी पुन्हा हात, आपलं, पाय लावता कामा नये. क्रायफने १९८२ मध्ये आयाक्सकडून हेल्मंड स्पोर्टविरुद्ध हाच प्रकार केला होता. जोडीदार येस्पर ओल्सेन, म्हणजे पुन्हा विंगरच! क्रायफने बाजूला दिला, ओल्सेनने गोलकीपरला पुढे ओढून परत क्रायफला दिला, रिकामा गोल.

आणि ऑक्टोबर २००५ मध्ये आर्सेनलच्या पिरेस आणि ऑन्रीने मँचेस्टर सिटीविरुद्ध हेच करायला घेतलं. पिरेसचा पाय चेंडूला जेमतेम घासला, चेंडू जागचा हलेचना, ऑन्री धावत येऊन बघतोय, आजूबाजूला सिटीचे डिफेंडर. रेफरीने सिटीला फ्री किक दिली. सामना आर्सेनलने १-० जिंकला, तोही पिरेसनेच आधी मारलेल्या पेनल्टीवर, म्हणून निभावलं.

—

निवांत:

ते बघितलंय. ऑन्रीचा चेहरा!!

—

कोपरा_झेंडा:

पिरेस-ऑन्री निघालेच आहेत तर पेनल्टीवर थांबू नका. ऑन्री आर्सेनलला आला तो युवेंटसमधून, आणि तिथे त्याला बाजूला खेळवलं होतं. प्रशिक्षक वेंगरनी त्याला मधे आणलं. पण जुनी सवय गेली नाही, तो सतत डावीकडे सरकायचा. आता डाव्या बाजूला पिरेस आधीच आहे. कुठल्याही दुसऱ्या संघात दोघे एकमेकांच्या पायात आले असते. इथे पिरेस आत सरकायचा आणि गोलसमोर प्रगट व्हायचा. विंगर असून लीगमध्ये सलग तीन मोसम १४-१४-१४ गोल (२००२-०३ ते २००४-०५). आणि ऑन्रीचे २००२-०३ मध्ये २४ गोल आणि २० असिस्ट. स्ट्रायकरचे वीस असिस्ट! केनचं कौतुक करताना हे विसरू नये.

रच्याकने (जाता जाता), रेआल माद्रिदचा स्ट्रायकर बेंझेमाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. नऊ वर्षं त्याने रोनाल्डोसाठी जागा मोकळी केली. रोनाल्डोचे रेआल माद्रिदसाठी ४३८ सामन्यांत ४५० गोल आहेत. त्यातले किती बेंझेमाच्या सरकण्यामुळे झाले हे कुठल्याच तक्त्यात नाही. त्या काळात लोक त्याला गोल कमी म्हणून नावं ठेवत होते.

—

ऑफसाइडवाली:

बेंझेमाचं माद्रिदचाच विंगर विनिसियसबरोबरचं प्रकरण मला त्याहून रंजक वाटतं. ऑक्टोबर २०२०, बोरुसिया मनशेनग्लाडबाखविरुद्धचा चॅम्पियन्स लीग सामना, माद्रिद मागे. मध्यंतरात मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात बेंझेमा सहकारी मेंदीला फ्रेंचमध्ये सांगतोय की विनिसियसला पास देऊ नकोस. कॅमेऱ्याने पकडलं आणि जगभर झालं.

दीड वर्षाने याच दोघांनी माद्रिदला लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही मिळवून दिल्या. एप्रिल २०२२ मध्ये चेल्सीच्या मैदानावर बेंझेमाची हॅटट्रिक, त्यातला पहिला गोल विनिसियसच्या क्रॉसवर हेडर. त्या मोसमात बेंझेमाचे ४४ गोल. लिव्हरपूलविरुद्धच्या अंतिम सामन्यातला एकुलता एक गोल विनिसियसचा.

मधल्या काळात बदललं काय? माझ्या मते विनिसियसचं डोकं वर आलं. आधी तो पायातल्या चेंडूकडे बघत पळायचा. त्यामुळे बेंझेमा कुठे सरकला हे त्याला दिसायचंच नाही. शेवटचा पास कुठे द्यायचा याचा निर्णय तो एक क्षण आधी घ्यायला लागला आणि गाडी रुळावर आली. ज्याला पास देऊ नको म्हणत होता त्याच्याचकडे बेंझेमा सगळ्यात आधी बघायला लागला.

—

आकडेमोड:

लिव्हरपूलच्या सालाह आणि फर्मिनोचं काय करायचं? २०१७-१८, प्रीमियर लीग: सालाह ३२, फर्मिनो १५, माने १०. विंगरचे गोल स्ट्रायकरच्या दुपटीहून जास्त. मग स्ट्रायकर कोण? पुढच्या मोसमात सालाह आणि माने दोघेही २२ वर, ऑबामेयांगबरोबर गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचं बक्षीस) वाटून घेतला. दोन विंगर गोल्डन बूट घेऊन गेले आणि सेंटर फॉरवर्ड बघत राहिला. या धाग्याच्या व्याख्येतच गडबड आहे.

—

डावखुरा:

गडबड कसली, फर्मिनो या धाग्याचा नायक आहे. एप्रिल २०१८, अॅनफिल्डवर रोमाविरुद्धची उपांत्य फेरी, ५-२. सालाहचे दोन गोल, मग सालाहच्याच पासवर माने आणि फर्मिनोचा एकेक, वर कॉर्नरवर फर्मिनोचा आणखी एक. रोमाचे तीन सेंटर बॅक मधे उभे, आणि समोर धरायला कोणीच नाही, कारण फर्मिनो मागे निघून गेलेला. तिघं मिळून हवेला मार्क करत होते. आणि त्यांच्या बाजूने सालाह आत शिरतोय. कॉर्नरवरचा सोडला तर स्ट्रायकर नसलेल्या जागेतूनच सगळे गोल आले.

—

जुना_प्रेक्षक:

फर्मिनोची तारीफ रास्त आहे, पण ही युक्ती नवी नव्हे. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली, इंग्लंड ३ हंगेरी ६. हंगेरीचे हिदेगकुटी पाठीवर सेंटर फॉरवर्डचा नऊ नंबर घालून मिडफिल्डमध्ये खेळले. त्यांना धरण्याचं काम इंग्लंडचे सेंटर हाफ (मधला बचावपटू) हॅरी जॉन्स्टन यांचं. मागे जावं की जागेवर राहावं, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. हिदेगकुटींनी तीन गोल केले आणि त्यांच्या मागे पडलेल्या खिंडारातून बाकीचे शिरत राहिले.

आता ऐका. हे जॉन्स्टन ब्लॅकपूलचे कप्तान. सहाच महिन्यांपूर्वी याच मैदानावर एफए कप त्यांनी उचलला होता. आणि त्या दिवशी इंग्लंडच्या उजव्या बाजूला होते मॅथ्यूज, मधे मॉर्टेन्सन. मॉर्टेन्सननी एक गोलही केला. रेषेला धरून जाणारा विंगर आणि मधे वाट बघणारा सेंटर फॉरवर्ड ही जुनी पद्धत मे महिन्यात तिथेच डोक्यावर घेतली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये तिथेच तीच माणसं जुनी ठरली.

१९७० च्या ब्राझीलमध्ये हेच काम टोस्टाओंकडे होतं. इंग्लंडविरुद्धचा गोल मिळाला तर पाहा. सेंटर फॉरवर्ड डावीकडे जाऊन तीन-चार जणांना झुलवतो, वळून उजव्या पायाने क्रॉस देतो, मधे पेले थांबवतात आणि न बघता उजवीकडे सारतात, तिथे झैरझिन्यो. सामना १-०. झैरझिन्योंनी त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यात गोल केला, एकूण सात. विंगरने! मधली जागा टोस्टाओ रिकामी ठेवत होते, तेव्हाच ते जमलं.

—

शिट्टी:

काकांच्या या प्रतिसादासाठी वेगळा धागा हवा. वाखू (वाचनखूण) साठवली.

—

ऑफसाइडवाली:

सगळी पुरुषांचीच नावं चालली आहेत म्हणून एक मोठी भर. विंगर रपिनो ते स्ट्रायकर वॉम्बॅक, १० जुलै २०११, ड्रेस्डेन, महिला विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अमेरिका विरुद्ध ब्राझील.

अमेरिका ६५ व्या मिनिटापासून दहा जणींवर. जादा वेळेत मार्ताने ब्राझीलला २-१ पुढे नेलं. १२० मिनिटं उलटून गेलेली. क्रीगर चेंडू मिळवते, लॉईडकडे, लॉईड मधून पळत डावीकडे रपिनोला देते. रपिनो बदली म्हणून आलेली, उजव्या पायाची. चेंडू उजव्या पायावर घ्यायला वेळ नाही, म्हणून ती डाव्याच पायाने लांबवर उचलते, सगळ्यांच्या डोक्यावरून, अगदी गोलकीपरच्याही. आणि लांबच्या खांबापाशी वॉम्बॅक. १२२ वं मिनिट, हेडर, २-२. पेनल्टी शूटआऊटमध्ये अमेरिका ५-३.

तो क्रॉस चार पावलं अलीकडे पडला असता तर गोलकीपरचा होता. वॉम्बॅक पहिल्या खांबाकडे धावली असती तरी वाया होता. ती लांबच्या खांबाकडे जाणार हे रपिनोने बघितलेलं नाही, ते तिला ठाऊकच होतं. डावखुरा यांची व्याख्या इथे थोडी अपुरी पडते बरं का. इथे कोणी कोणासाठी जागा सोडलेली नाही. वॉम्बॅक तिच्या ठरलेल्या जागेवर हजर होती, आणि तेवढ्यावर काम झालं.

—

नऊ_नंबर:

पहिल्यांदाच लिहितोय. २०१८ च्या फ्रान्सच्या स्ट्रायकर जिरूबद्दल काय मत आहे? पूर्ण विश्वचषकात गोलवर एकही शॉट नाही आणि गळ्यात सुवर्णपदक. मित्र अजून थट्टा करतात.

—

डावखुरा:

स्वागत. मित्रांना अर्जेंटिनाविरुद्धचा ४-३ चा सामना दाखवा. एम्बापेचा दुसरा गोल, पास जिरूचा. मधे अंग घालून उभा राहणारा असा कोणी असल्याशिवाय एम्बापेला पळायला ते मैदान मिळतच नाही. आणि मग २०२२, पोलंडविरुद्ध. एम्बापेचा पास, जिरूचा गोल, फ्रान्ससाठी ५२ वा, आणि ऑन्रीचा राष्ट्रीय विक्रम मागे. चार वर्षांनी परतफेड झाली.

@ऑफसाइडवाली, वॉम्बॅकचा मुद्दा मान्य. पण जागेवर टिकून राहणं हाही समजुतीचाच भाग झाला की.

—

आकडेमोड:

मग २०२५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याबद्दल धागाकर्त्यांचं मत ऐकायला आवडेल. पॅरिस सेंट जर्मेन ५, इंटर ०. डेम्बेले, स्ट्रायकर, गोल शून्य. असिस्ट दोन: एक दुएला, एक क्वारत्स्खेलियाला. दोघेही विंगर. आणि डेम्बेले स्वतः कारकीर्दभर विंगर, त्याच मोसमात मधे आणलेला. सप्टेंबरमध्ये बॅलन डी'ओर (सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्यालाच. आता या सामन्यात विंगर कोण, स्ट्रायकर कोण, आणि जोडी कोणाची कोणाशी?

—

कोपरा_झेंडा:

ऑन्रीचीच गोष्ट परत झाली की! विंगरला मधे आणलं की तो विंगरला काय हवं ते ओळखून पास देतो. माझ्या मते जोडी डेम्बेले-दुए. पहिल्या पासचा तो काउंटर (प्रतिहल्ला) बघा, डेम्बेले डावीकडे पळतोय आणि दुए समोरून येतोय, दोघांच्या जागांची पूर्ण अदलाबदल.

—

ऑफसाइडवाली:

डेम्बेले-क्वारत्स्खेलिया. आणि एका मोसमावरून जोडी ठरत नाही, केन-सॉनला आठ वर्षं लागली.

—

आकडेमोड:

आठ वर्षांत ४७. आकडा शेवटी तुम्हालाच लागला ना?

—

शिट्टी:

😄 गोल! आकडेमोड १, डावखुरा ०.

—

डावखुरा:

ऑफसाइड. तो गोल माझ्या नाही, ऑफसाइडवालींच्या खात्यावर झालाय. मी डेम्बेले-दुएच्या बाजूने. कोणाकडे त्या मोसमातले इंग्लिश संघांविरुद्धचे सामने बघितल्याच्या आठवणी ताज्या असतील तर लिहा. डेम्बेले मधून मागे यायला नेमकी कधी सुरुवात करतो, यावर मला वाचायचं आहे.